जो न्यायाधीश नाही त्याच्यापुढे

तुमसर
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. भागीरथाताईस कृष्णाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो हो म्हणतो अन् मग विसरतो, असं तू म्हणतेस, म्हणून लिहूनच विचारून राहिलो. धानाची कापणी आटोपली. तुझ्यासाठी नवीन तांदूळ बाजूला काढला आहे, भिलाईले येणारा कोणी भेटला की पाठवतो.

आपल्या रेणूचं लिहायचं आहे. मागच्या वर्षी गणपतीत ती सासर सोडून आली, तवापासून इथंच आहे. इथल्या पॅथॉलॉजी लॅबमधे कामाले जाते, कोणाशी जास्त बोलत नाही. आता तुमच्या भिलाईच्या समाज मंडळाच्या न्याय समितीनं तिच्यावर आरोपपत्र काढलं. ही तिसरी नोटीस. आरोप पहिला, सासरच्या घरातून विनापरवानगी गैरहजर. आरोप दुसरा, वरिष्ठांची अवज्ञा. वरिष्ठ म्हणजे तिचे सासूसासरे. चोवीस तारखेला तिकडच्याच सुपेला भागातल्या सभागृहात लेखी स्पष्टीकरणासह हजर राहा, नाहीतर एकतर्फी निर्णय होईल, असं लिहिलं आहे. समितीचे अध्यक्ष आपले व्याही ओमप्रकाशजीच आहेत. तिकडं जावई गोलूसाठी दुसरी मुलगी पाहिली, असंही कानावर आलं.

ताई, मले काही समजून नाही राहिलं. समाजानं दार बंद केलं तर उद्या रेणूच्या भावाचं लग्न कुठं जमवावं? रेणू तर नोटीस वाचते, बाजूला ठेवते अन् कामावर निघून जाते. तिची आई रडून राहिली. मी जाऊ का नको? जायचं असंल तर लग्नातला कोट घालून जाऊ का? सोबत झेरॉक्स जोडली आहे. लवकर उत्तर दे.

तुझा धाकटा, अजूनही तुलेच विचारून पाऊल टाकणारा,
कृष्णा


हुडको, भिलाई
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. कृष्णास अ. उ. आ.

कोट घालू नकोस. तो कपाटातच राहू दे. आणि तूही घरीच राहा.

आरोपपत्र वाचले. वाचून झाल्यावर हात धुतले. ओमप्रकाश इथल्या पोलाद कारखान्यात असताना चार-दोन वेळा खात्याच्या चौकशीत चौकशी अधिकारी म्हणून बसले होते. कोणी पाळीवर उशिरा आला, कोणी क्रेनच्या केबिनमध्ये झोपला, त्याला चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरे लिहून घ्यायची, एवढेच काम. माणूस निवृत्त झाला, पण ती खुर्ची काही त्याच्या अंगावरून उतरली नाही. आता समाजाच्या सुनांवर आरोपपत्रे निघतात, त्याच नमुन्यात, त्याच भाषेत. कारखान्याच्या विधी विभागात मी सारी नोकरी काढली. तिथल्या चौकशीला निदान नियमावली असते, मालक आणि कामगार असे नाते असते, आणि चौकशी चुकली तर वर दाद मागता येते. यांच्याकडे काय आहे? एक रबरी शिक्का आणि समितीतली बाकी रिकामी माणसे.

तू घाबरतोस, म्हणून नीट सांगते. एकदाच सांगेन. टेबल, खुर्च्या आणि पाण्याचा जग मांडला की न्यायालय होत नाही. त्या माणसांवर आणि त्या विषयावर निर्णय देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. त्याला अधिकारक्षेत्र म्हणतात. ते नसताना कोणी निकाल दिला, तर त्यासाठी एक जुनी लॅटिन संज्ञा आहे, कोरम नॉन जुडिसे. म्हणजे, जो न्यायाधीशच नाही त्याच्यापुढे. नागपूरला एलएल.बी. करताना पाठ केली होती, अजून विसरले नाही.

तिचा वापर असा. चुकीचा निकाल हा निकाल असतो, त्याविरुद्ध अपील करावे लागते. पण न्यायाधीश नसलेल्याचा निकाल चूकही नसतो आणि बरोबरही नसतो. तो झालेलाच नसतो. आणि दोन्ही बाजूंनी मान डोलावली तरी त्या माणसाला अधिकार मिळत नाही. तू सुपेल्याला जाऊन हात जोडलेस, तुम्ही म्हणाल तसे म्हणालास, तरी ते न्यायालय होणार नाही. फक्त तू वेडा ठरशील.

रेणूच्या भावाच्या लग्नाची काळजी सोड. ज्या घराला सून आणण्यासाठी या समितीची परवानगी लागते, त्या घरात मुलगी देऊ नये आणि तिथली आणूही नये. चोवीस तारखेला मी स्वतः जाऊन बसणार आहे. नाटक पाहायला तिकीट लागत नाही, हे एक बरे.

तांदूळ पाठव, पण मागच्यासारखा खड्यांसकट नको.

तुझी,
ताई


हुडको, भिलाई
दि. २५ नोव्हेंबर २०२४

चि. कृष्णास अ. उ. आ.

काल जाऊन आले. डोके अजून ठणकते आहे, म्हणून सकाळीच लिहून मोकळी होते.

सभागृहात आदल्या दिवशी कोणाचे तरी लग्न झाले होते. मंचामागे थर्माकोलची अक्षरे तशीच होती, शुभविवाह आणि खाली नवरानवरीची नावे. त्या अक्षरांखाली ही मंडळी काडीमोड द्यायला बसली. कोणाला त्याचे काही वाटले नाही.

प्रकरण स्वतःच्या मुलाचे, म्हणून ओमप्रकाशांनी अध्यक्षपद सोडले. नैतिकता म्हणून सोडतो, असे माइकवरून सांगितले, टाळ्या घेतल्या. मग खुर्ची समितीतल्या सर्वांत वयस्कर चिंधूजींना दिली आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसले. चिंधूजींना ऐकू कमी येते. ओमप्रकाश त्यांच्या कानात सांगत आणि चिंधूजी तेच मोठ्याने म्हणत. निकाल सगळ्यांनी असा दोनदा ऐकला. रेणूचे नाव तीन वेळा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शिपायासारखा एक माणूस दाराबाहेर जाऊन आला आणि गैरहजर असे म्हणाला. गोलू तिसऱ्या रांगेत मोबाइल पाहत होता. त्याचे म्हणणे काय, असे विचारले, तेव्हा पापा जे ठरवतील ते, असे म्हणून तो पुन्हा खाली बसला.

मी उठून बोलले. या समितीला विवाह मोडण्याचा अधिकार नाही, इथे जे होईल ते कोरम नॉन जुडिसे आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यावर सचिवाने रजिस्टरातल्या सह्या मोजून सभेचा कोरम पूर्ण असल्याचे सांगितले. मी त्याच्याकडे पाहिले आणि त्याचा नाद सोडून दिला. मग ओमप्रकाशांनी, ताई, आप बैठो, चाय पियो, म्हणून हात जोडले. समाजात पहिल्यापासून काडीमोड चालत आली आहे, कायदाही रूढी मानतो, असे त्यांनी ऐकवले. कायदा रूढी मानतो हे खरे आहे. पण ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे हे पुराव्याने दाखवावे लागते. मागच्या निवडणुकीनंतर जन्मलेल्या समितीला रूढी म्हणत नाहीत. हे सांगितले, तेव्हा चहा आला आणि सगळे तिकडे वळले.

निकाल असा. दोन्ही आरोप सिद्ध. सूनबाईंना वैवाहिक जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे, गोलूला पुनर्विवाहास मोकळीक. खाली शिक्का. नोकरीतून काढताना वापरायचा मसुदा होता, फक्त खात्याच्या जागी कुटुंब घातले होते. कागद टपालाने तुमच्याकडे येईल.

तू रेणूला सांग, निश्चिंत राहा. तो कागद लोणच्याच्या बरणीखाली घालावा, तेल टिपायला उपयोगी पडेल. ती काल जशी गोलूची लग्नाची बायको होती तशीच आज आहे आणि उद्याही राहील. ओमप्रकाशांना खुशाल पेढे वाटू दे.

तुझी,
ताई


तुमसर
दि. २ डिसेंबर २०२४

ती. आत्यांना रेणूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कोरमच्या जागी आई हसली, बाबाही हसले. किती दिवसांनी हसले. मी मात्र उठून आत गेले. तुम्हाला राग येईल, पण लिहिते.

मी नोटिसांना उत्तर दिलं नाही ते भीतीनं नाही. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी होईल हे मला माहीत होतं, आणि तेच मला हवं होतं. समितीचा कागद आला तेव्हा मी मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं. लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशासाठी ते सांगितलं नाही. दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं. मी आजही त्याची बायको आहे, उद्याही राहीन, असं तुम्ही लिहिलं, आणि किती आनंदानं लिहिलं, आत्या.

मी घर का सोडलं हे कोणी विचारलं नाही. मारतात का, असं बाबांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं, खरंच मारत नव्हते. मग त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही. आता सांगते. आमच्या घरी रविवारी नाश्ता झाला की सासरे टेबलाशी बसत. आठवड्यात दूध उतू गेलं असेल, माहेरी फोनवर जास्त बोलले असेन, मिक्सरचं भांडं तडकलं असेल, त्याचं मला लेखी स्पष्टीकरण द्यावं लागे. विषय, संदर्भ, खाली सही. ते वाचत आणि लाल पेननं शेरा मारत, स्पष्टीकरण समाधानकारक नाही. मग सगळ्यांसमोर वाचून दाखवत. सासूबाई भाजी निवडत बसत. गोलू मोबाइल पाहत बसे. एकदा तापानं फणफणले होते, सकाळी चहाला उठले नाही. त्याचंही स्पष्टीकरण मागितलं. मी कागद घेतला, विषय लिहिला, आणि पुढं काही लिहिता आलं नाही. पेन तसंच ठेवून बॅग भरली.

तीन वर्षं मी अशाच न्यायालयापुढे उभी होते, आत्या. त्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. एकाच भिलाईत तुम्ही हुडकोत होता आणि मी सेक्टर दहात.

तुमचं बरोबरच असेल. पण मला पुन्हा तिथं जायचं नाही. तुमची ती संज्ञा मला परत पाठवत असेल, तर मला ती नको.

तुमची, रागावलात तरी तुमचीच,
रेणू


हुडको, भिलाई
दि. ७ डिसेंबर २०२४

चि. रेणूस अ. उ. आ.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा कळले.

मी पत्र तुझ्या बापाला लिहिले आणि त्यात निकाल तुझा जाहीर केला. तुला एका शब्दाने विचारले नाही. ओमप्रकाशांपेक्षा माझे मराठी बरे, इतकाच फरक. यावर जास्त लिहीत नाही, कारण जास्त लिहिले की तेही स्पष्टीकरण होईल.

ती संज्ञा तुला कुठेही परत पाठवत नाही. ती फक्त खोटा निकाल पुसते. पुसलेल्या पाटीवर पुढे काय लिहायचे, ते ती सांगत नाही. ते तुझ्याकडे आहे. त्याच्याकडे नांदायला जा, असे तुला कोणी ओढून नेऊ शकत नाही. तुम्ही दोघे शेवटी भिलाईत राहत होता, म्हणून दुर्गच्या कौटुंबिक न्यायालयाला अधिकार आहे. वर्षाहून जास्त तुम्ही वेगळे राहता. दोघांनी मिळून अर्ज केला, काही महिन्यांनी दोघांनी पुन्हा तेच सांगितले, की विवाह मोडतो. तिथे कोणाचे आरोप सिद्ध करायचे नसतात आणि लाल पेनही नसते.

गोलूची सही लागेल, हे खरे. पण आता घाई त्यांना आहे, तुला नाही. ज्या मुलीशी लग्न ठरले तिच्या भावाने न्यायालयाचा कागद दाखवा, असे म्हटल्याचे हुडकोभर झाले आहे. मंडळाचा कागद पाहून तो चहा न घेता उठला. पहिली बायको असताना दुसरे लग्न केले तर तुरुंग आहे, हे ओमप्रकाशांना आता समजलेले दिसते. शिकायला वयाची अट नसते, एवढेच म्हणते.

तर आता विचारते, जे आधी विचारायचे होते. तुला काय हवे आहे? एका वाक्यात लिही. मी त्यात बदल करणार नाही.

तुझी,
आत्या


तुमसर
दि. १२ डिसेंबर २०२४

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

एका वाक्यात लिहिते. मला सुटायचं आहे, खऱ्या न्यायालयातून.

आणि दुसरं वाक्य, कारण एकात मावत नाही. अर्जावर सही करण्याआधी मला सासऱ्यांचं लेखी स्पष्टीकरण हवं आहे. मला स्पष्टीकरण मागायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, एवढाच विषय. पैसे नकोत, भांडी नकोत, लग्नातली कपाटं नकोत.

बाबा म्हणाले, असं मोठ्या माणसाले कसं मागावं, बेटा? मी म्हटलं, जसं त्यांनी मागितलं तसंच.

तुमची,
रेणू


हुडको, भिलाई
दि. २२ डिसेंबर २०२४

चि. रेणूस अ. उ. आ.

शुक्रवारी ओमप्रकाश आले होते. सोबत सुपेल्याच्या दुकानातला पेढ्यांचा डबा. डबा टीपॉयवर ठेवला आणि समाजाच्या प्रतिष्ठेपासून सुरुवात केली. मी डबा उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला. तेव्हा थोडे सरळ बोलू लागले. मुलीकडचे ऐकत नाहीत, रेणूबेटीनं सही दिली तर सगळ्यांचं भलं होईल, असे म्हणाले. रेणूबेटी. आरोपपत्रात सूनबाई होतीस, सही हवी झाली तेव्हा बेटी झालीस.

तुझी अट सांगितली. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना भर चौकात उठाबशा काढायला सांगितले होते. ते म्हणाले, "मी काय आरोपी आहे का, ताई?" मी म्हटले, आरोपी नाही, अर्जदार आहात, आणि पुढे कागद सरकवला. मसुदा कसा करायचा, असे विचारले. म्हटले, विषय, संदर्भ, खाली सही. नमुना तुमच्याच घरात तयार झाला आहे.

मी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकली. परत आले तेव्हा तीन कागद चुरगळून टेबलाखाली पडले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांची उत्तरे लिहून घेतली, त्याला स्वतःचे एक उत्तर लिहिता येईना. हे पाहायला मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. भाजी करपत होती, तिकडे लक्ष होते.

शेवटी जे लिहिले ते सोबत पाठवले आहे. विषय आणि संदर्भानंतर दोनच ओळी आहेत. "सूनबाई रेणू हिला स्पष्टीकरण मागण्याचा मला काय अधिकार होता, याचे उत्तर मजजवळ नाही. सवय होती." खाली सही आणि तारीख. शिक्का मात्र नाही. बहुधा तो मंडळाच्या कपाटात राहिला.

जाताना दारात थांबले. रेणू काय म्हणंल, असे विचारले. मी म्हटले, ते तिला विचारा. त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले. पेढे घेऊन गेले.

अर्जाचा मसुदा वकिलाकडे तयार आहे. गोलूने सही केली, वाचली असेल असे वाटत नाही. पाकिटात एक लाल पेन घातले आहे. त्या कागदावर जो शेरा मारायचा तो मार आणि परत पाठव. मी स्वतः सेक्टर दहाला जाऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन. रविवारी, नाश्त्यानंतर.

तुझी,
आत्या


तुमसर
दि. ३० डिसेंबर २०२४

ती. आत्यांना रेणूचा सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. स्पष्टीकरण वाचलं. बाबांनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. त्यांना फक्त सांगितलं की आलं आहे. ते बराच वेळ अंगणात चकरा मारत होते. मग तुमचा तांदूळ निवडायला बसले. म्हणाले, ताई खड्यावरून बोलते.

सकाळी लाल पेनचं टोपण काढलं होतं. माझ्या प्रत्येक कागदावर जे तीन शब्द असायचे, ते लिहायचं ठरवलं होतं. हातही तसाच वळला. मग तुमचं पहिलं पत्र आठवलं, बाबांना लिहिलेलं. टेबल आणि पेन असलं की न्यायालय होत नाही. त्यांचं उत्तर समाधानकारक आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार मला तरी कोणी दिला? मी टोपण लावून टाकलं. कागदावर काही लिहिलेलं नाही. रविवारी तुम्हाला सेक्टर दहाला जावं लागणार नाही. तुमचा थोडा हिरमोड होईल, तो सोसा.

अर्जावर सही केली आहे, सोबत पाठवते. तारीख कळवा, मी आदल्या दिवशी तुमच्याकडे मुक्कामाला येते. दुर्गला तुम्ही माझ्या शेजारी बसा. पण न्यायाधीशांनी काही विचारलं तर उत्तर मी देईन, तुम्ही मधे बोलायचं नाही.

लाल पेन परत पाठवत आहे.

लोभ आहेच. तो यापुढे विनास्पष्टीकरण राहू द्यावा.

तुमची,
रेणू